माद्रिदच्या बचावामागचा विसरलेला सेनानी

मा. संपादक,

स्पेनच्या यादवीवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. नोव्हेंबर १९३६ मध्ये प्रजासत्ताक सरकारची राजधानी माद्रिद जनरल फ्रँको यांच्या बंडखोर फौजेपासून वाचली. याचे सगळे श्रेय लेखात जनरल मियाखा आणि परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेड यांना दिले आहे. ज्याने हा बचाव आखला त्या विसेन्ते रोखो यांचे नावसुद्धा लेखात नाही. रोखो वगळले की माद्रिद का टिकले हेही कळत नाही आणि पुढे प्रजासत्ताक का हरले हेही.

६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सरकार माद्रिद सोडून वॅलेन्सियाकडे निघाले. मियाखा आणि पोथास या दोन सेनानींना बंद लिफाफे मिळाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत उघडू नयेत अशा सूचनेसह. दोघांनी ते आधीच उघडले म्हणून बरे झाले, कारण एकाचे हुकूम दुसऱ्याच्या लिफाफ्यात गेले होते. मियाखांवर शहर राखण्याची जबाबदारी आली आणि लेफ्टनंट कर्नल रोखो त्यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. कोणती तुकडी कुठे आहे, तिचा प्रमुख कोण, काडतुसे किती उरली आहेत, हे आधी त्याच रात्री शोधावे लागले.

७ तारखेला शत्रूच्या एका नादुरुस्त रणगाड्यातील मृत अधिकाऱ्याजवळ बंडखोरांचे जनरल वारेला यांचा हल्ल्याचा हुकूम सापडला. दक्षिणेकडच्या पुलांवर फक्त हूल द्यायची आणि मुख्य धडक कासा दे काम्पोच्या रानातून विद्यापीठनगरीकडे मारायची, असा तो बेत होता. आता असा कागद हाती लागला की दोन शंका येतात. तो मुद्दाम पेरला आहे का? आणि त्यावरची तारीख तर ७ चीच, मग तो शिळा झाला का? रोखो यांनी तो खरा मानला. ७ तारखेला ठरलेली धडक बसलीच नव्हती आणि एवढ्या मोठ्या फौजेचा बेत एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. म्हणजे ८ ला तोच हल्ला येणार. त्यांनी रातोरात फौजेचा भार कासा दे काम्पोकडे वळवला. सकाळी हल्ला आला तो तिथेच, आणि अडला. अकरावी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड शहरात पोचली ती ८ तारखेला. तिचे शौर्य निर्विवाद आहे, पण फळी त्याआधीच उभी होती. पुढे शत्रूने मान्थानारेस नदी ओलांडून विद्यापीठनगरीत पाय रोवला, तरी शहर मार्च १९३९ पर्यंत त्याच्या हाती गेले नाही.

हा माणूस क्रांतिकारक नव्हता. वॅलेन्सिया प्रांतात १८९४ साली जन्म, वडिलांच्या मृत्यूनंतरचा. तोलेदोच्या पायदळ अकादमीत तो शिकला आणि तिथेच शिक्षक झाला. देवधर्म पाळणारा कॅथलिक. ९ सप्टेंबर १९३६ रोजी तोलेदोतल्या अल्काथार किल्ल्यात वेढ्यात अडकलेल्या बंडखोरांशी शरणागतीची बोलणी करायला रोखो गेले, तेव्हा समोर त्यांचेच जुने सहकारी होते. बोलणी फिसकटली आणि रोखो परत प्रजासत्ताकाच्या बाजूला आले. ही निष्ठा पक्षाची नव्हती, घेतलेल्या शपथेची होती.

मे १९३७ पासून प्रजासत्ताकाच्या साऱ्या फौजेच्या मोहिमा त्यांनी आखल्या, आणि इथे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी थोडे थांबून पाहावे. ब्रुनेते, बेल्चिते, तेरुएल आणि एब्रो नदी या चारही चढायांच्या वेळी शत्रू गाफील सापडला आणि चारही वेळा पहिल्या काही दिवसांतच चढाईचा वेग मेला. ब्रुनेतेला ६ जुलै १९३७ च्या पहाटे गाव पडले, पण बाजूची किखोर्नासारखी छोटी ठाणी लढत राहिली. त्यांना वळसा घालून पुढे जाण्याऐवजी फौजा त्यांच्याभोवतीच अडकल्या. बेल्चितेला तेच झाले. लक्ष्य होते सारागोसा, आणि दिवस गेले एका गावात. दोष नकाशाचा नव्हता. चालत्या लढाईत स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणारे मधल्या फळीतले अधिकारी आणि हवालदार पुरेसे नव्हते. ते दोन महिन्यांत तयार होत नाहीत. एब्रोला २५ जुलै १९३८ च्या मध्यरात्रीनंतर होड्यांतून पायदळ नदीपार गेले, पण शत्रूने वरच्या धरणांचे दरवाजे उघडले, विमानांनी पूल तोडले, आणि तोफा, रणगाडे मागे राहिले. तोफांविना पायदळ गांदेसा या गावाच्या वेशीवर थांबले, ते थांबलेच. १६ नोव्हेंबरला उरलेली फौज नदीच्या अलीकडे परतली.

या गांदेसाशी महाराष्ट्राचाही धागा आहे, तोही लेखात नाही. लंडनला पत्रकारिता शिकायला गेलेले नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले होते. एप्रिल १९३८ मध्ये प्रजासत्ताकाच्या फौजेच्या माघारीत ते याच परिसरात पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत कैदी म्हणून राहिले.

रोखो फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गेले. पुढे अर्जेंटिना, मग बोलिव्हियात कोचाबांबाच्या लष्करी विद्यालयात अध्यापन. १९५७ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा ज्यांनी सरकारविरुद्ध बंड केले होते त्यांनीच त्यांच्यावर लष्करी बंडखोरीचा खटला भरून जन्मठेप सुनावली. तुरुंगवास माफ झाला, नागरी हक्क मात्र काढून घेतले गेले. १५ जून १९६६ रोजी माद्रिदमध्येच त्यांचे निधन झाले.

लेखमालेच्या पुढच्या भागात निदान त्यांचे नाव तरी छापावे, आणि ते ‘रोजो’ नव्हे, ‘रोखो’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक