'नटसम्राट'मधल्या कावेरीला विसरू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत 'नटसम्राट'वर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाचं नाटकावर प्रेम आहे, हे ओळीओळीत जाणवतं. पण त्यांनी नाटकाचे नायक, म्हातारे नट आप्पासाहेब बेलवलकर यांच्या मुलीला, नलिनीला, एका शब्दात 'कृतघ्न' ठरवून टाकलं आणि आप्पांच्या पत्नीचं, कावेरीचं, नाव अख्ख्या लेखात एकदाही घेतलं नाही. हे नाटक लिहिणाऱ्या तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आंतरशालेय नाट्यस्वगत स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. २७ फेब्रुवारी जवळ आली की आपल्या शहरात या स्पर्धांची गर्दी होते. दहा मुलं आली तर सहाजण घर मागणारं ते स्वगतच घेऊन येतात. खांद्यावर शाल, हातात काठी, पिकलेल्या केसांचा टोप. पाठांतर चोख, आवाज दणदणीत. आता तर हेच दीड मिनिटांच्या रीळमध्ये घरोघरी पोचतं. पण बाहेर आल्यावर "आप्पा रस्त्यावर आले कसे?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "मुलांनी हाकललं." एवढंच.

मागच्या एका स्पर्धेत नववीतली एक मुलगी कावेरीचा प्रसंग घेऊन आली होती. टोप नाही, काठी नाही. डोक्यावर पदर, बस्स. तिने हळू आवाजात सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला. निकालाच्या वेळी माझ्या सहपरीक्षकांनी तिचे गुण कापले. कारण लिहिलं, 'निवड चुकली, पात्र दुय्यम.' मी वाद घातला, पण ऐकलं गेलं नाही. कावेरी दुय्यम कशी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. आप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केले, कावेरी शांता जोग यांनी. पुढे १९७४ साली शिरवाडकरांना याच नाटकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मागे शेक्सपिअरचा लिअर राजा उभा आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. शिरवाडकरांचा शेक्सपिअरशी घरोबा जुना होता. 'मॅकबेथ'वरून त्यांनी 'राजमुकुट' आधीच लिहिलं होतं. त्यामुळे लिअरकडून त्यांनी काय घेतलं यापेक्षा काय बदललं, तिकडे लक्ष द्यायला हवं.

लिअरला तीन मुली आहेत. धाकटी कॉर्डेलिया खोटी स्तुती करत नाही, म्हणून बाप तिला हाकलतो आणि शेवटी तीच त्याच्यासाठी परत येते. तिथे राणी मात्र नाही. लिअरची बायको रंगमंचावर येतच नाही. शिरवाडकरांनी याच्या नेमकं उलट केलं. त्यांनी कॉर्डेलिया काढून टाकली आणि राणी आणली. बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. परत येऊन सावरणारं तिसरं लेकरू नाही. त्या जागी कावेरी आहे. कॉर्डेलियाची माया तिच्यात आहेच, शिवाय लिअरबरोबर वादळात फिरणाऱ्या विदूषकाचा रोखठोकपणाही आहे. राजाला तोंडावर खरं सांगायची मुभा एकट्या विदूषकाला असते. आप्पांना तसं सांगणारी एकटी कावेरी. तो विदूषक निम्म्या नाटकात नाहीसा होतो, आणि कावेरीही शेवटापर्यंत सोबत करत नाही, वाटेतच जाते. मग आप्पांपाशी राहतो तो बूटपॉलिश करणारा राजा. त्या पोराचं नाव राजा ठेवलंय, हे मला मुद्दामच केलेलं वाटतं.

आता आप्पांबद्दल. हे लिहिताना कुणाचं मन दुखावण्याचा हेतू नाही. मीही प्रत्येक प्रयोगाला त्यांच्यासाठी रडले आहे. पण आप्पा निर्दोष नाहीत, आणि म्हणूनच ते मोठे आहेत. सत्काराच्या हारतुऱ्यांतून घरी आलेला हा नट आपली मिळकत मुलांना वाटून टाकतो. तो निर्णय व्यवहारी माणसाचा नाही, नटाचा आहे. दान देताना त्यांना टाळ्या ऐकू येत असतात. ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण या घरात कावेरीपाशी आहे. आप्पा तिला 'सरकार' म्हणतात. शब्द किती गोड! पण सरकार म्हणायचं आणि सरकारचा सल्ला मानायचा नाही, ही गोष्ट किती घरांतली आहे, हे आपल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको.

आम्ही दहा-बाराजणी पंचवटीत दर पंधरा दिवसांनी वाचनाला बसतो. गेल्या श्रावणात चार बैठकांत हे नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. सर्वांत मोठा वाद नलिनीवरून झाला. मुलाच्या घरी काही चांगलं होणार नाही, अशी मनाची तयारी प्रेक्षक आधीच करून बसतो. लाडक्या लेकीकडून मात्र ती नसते. पैसे हरवतात, संशय वडिलांवर जातो, आणि तो चोरीचा आळ त्या दोघांना घराबाहेर काढतो. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "तिला फाशी द्या." दुसरी, वयाने तिच्या निम्मी, म्हणाली, "घर नवऱ्याचं, पैसा नवऱ्याचा, आईबाप माहेरचे. तिची चूकच आहे, पण ती कुणाला घाबरून चुकली तेही बघा." अर्धा तास कुणी चहाला हात लावला नाही. मला वाटतं, शिरवाडकरांनी नलिनीला खलनायिका केलं असतं तर आपण तिला शिव्या घालून मोकळे झालो असतो. ती आपल्यासारखी आहे, त्याचाच त्रास होतो.

या सगळ्यात कावेरीची भाषा ऐकावी. आप्पा रंगभूमीच्या भाषेत बोलतात: ऑथेल्लो, हॅम्लेट, सीझर त्यांच्या जिभेवर नांदतात. दुःख झालं की ते ऐन भूमिकेत शिरतात. कावेरीला शिरायला भूमिका नाही. तिला घराच्या भाषेतच दुःख करावं लागतं. नटीसाठी हे काम फार कठीण आहे. त्यात टाळीची जागा नाही. म्हणून ते स्पर्धेत येत नाही आणि रीळमध्येही मावत नाही.

हे विसरणं आपल्या गावाला नवं नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे नाशिकच्या लहान मुलालाही माहीत आहे आणि ते माहीत असायलाच हवं. पण त्या रात्री नाटक कोणतं होतं, असं वर्गात विचारलं की शांतता पसरायची. 'शारदा' होतं. गोविंद बल्लाळ देवलांचं, पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं. तारीख आपण पाठ केली, पण तिच्यातली शारदा विसरलो.

आणि याच गावात राहून वसंत कानेटकरांनी १९७२ साली 'हिमालयाची सावली' लिहिलं. नानासाहेब भानू हिमालय, आणि बयो त्यांची सावली. महर्षी कर्वे आणि आनंदीबाई कर्वे यांच्या आयुष्यावरून सुचलेली ही माणसं. आनंदीबाईंचं 'माझे पुराण' ज्यांनी वाचलंय त्यांना बयोचा तिखटपणा कुठून आला ते लगेच कळतं. नवरा जगासाठी सर्वस्व देतो, तेव्हा त्या सर्वस्वात चूलही असते, आणि ती पेटवायची बाईने. नानासाहेब लागूंनीच केले आणि बयो शांता जोग यांनीच. दोन वर्षांच्या आत नाशिकच्या दोन नाटककारांनी लिहिलेल्या या दोन बायका एकाच नटीने उभ्या केल्या! याचा साधा उल्लेखही आपल्याकडच्या गौरवसोहळ्यांत मी ऐकलेला नाही.

'नटसम्राट' चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा आप्पांना रामभाऊ नावाचा मित्र मिळाला. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले यांचे प्रसंग अप्रतिमच आहेत. पण आप्पांचं मन मोकळं करायची जी जागा नाटकात बरीचशी कावेरीकडे होती, ती वाटली गेली, असं मला वाटतं. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांनी एकदा छापील नाटक वाचावं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात ते मागा. ही संस्था १८४० पासून आपल्याला पुस्तकं देते आहे.

आपल्या पत्रामार्फत स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. येत्या मराठी भाषा गौरवदिनी स्वगतांबरोबर दोन पात्रांच्या प्रवेशांसाठीही एक गट ठेवा. आप्पा आणि कावेरी, कावेरी आणि नलिनी, नानासाहेब आणि बयो. प्रवेश झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा: तुमचं पात्र समोरच्याचं कुठे ऐकत नाही? त्याला गुण ठेवा. परीक्षक म्हणून मानधन न घेता मी येईन.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. परवा रस्त्यात भेटली. तिने बयोचा प्रवेश बसवायला घेतलाय आणि नानासाहेब करायला मुलगा मिळत नाही, कारण सगळ्यांना आप्पाच व्हायचंय. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा मुलगा असेल, तर कृपया त्याला ही जाहिरात वाचून दाखवावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
पंचवटी, नाशिक