पार्किंगचा दिवा घरीच बदलला

संपादक महोदय,

माझ्या जुन्या गाडीचा डावा पार्किंगचा दिवा गेला. गॅरेजवाल्याने अख्खा हेडलाइटच बदलायला सांगितला. घरी बॉनेट उघडले. हेडलाइटमागचा छोटा होल्डर डावीकडे जरासा फिरवला की निघतो. वायर मात्र ओढू नये. बल्ब सरळ खेचून काढला, आतली तार तुटलेली. 12 व्होल्ट, 5 वॅटचा तसलाच बिनटोपीचा (बुडाला धातूची टोपी नसलेला) बल्ब दाबून बसवला आणि दिवा लागला!

पसरणी घाटात रात्री गाडी कडेला थांबवली, तर समोरच्याला तिची रुंदी या दोन दिव्यांवरूनच कळते. एक विझलेला असला की दुचाकी वाटते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरबरोबर हेही शिकवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वाई