बेरीज बिनचूक, निष्कर्ष चुकीचा

महोदय,

रुग्णालयांतील परिचारिकांच्या नोंदी संगणकावर येत आहेत, हे स्वागतार्ह आहे. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, तापमान, शुद्धी आणि बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, यांना बिघाडाच्या प्रमाणात गुण देऊन बेरीज ५ किंवा अधिक झाल्यास तातडीने डॉक्टरांना बोलावणारी ‘न्यूज-२’ ही ब्रिटिश पद्धत (२०१७) संगणकाला सहज पेलते. कागदावर चुकणारी बेरीज तेथे चुकत नाही.

मात्र श्वास घड्याळ लावून न मोजता सवयीने मिनिटाला ‘१८’ हा निरोगी माणसाचा आकडा लिहिला, तर संगणक तरी काय करणार? रात्रपाळीचे असे तक्ते मी परिचारिका म्हणून पाहिले आहेत: ओळीने १८, १८, १८. (श्वसनाचा वेग हे प्रकृती ढासळण्याचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण, आणि नेमके तेच सर्वाधिक दुर्लक्षित!) त्याहून घातक वाटते ती मागील पाळीची नोंद एका कळीसरशी पुढे उतरवण्याची सोय, कारण रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाडाजवळची त्वचा पाहिल्याशिवाय दाबव्रणाची (सतत पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेची) तपासणी होतच नाही. निदान अशा रकान्यांसाठी तरी ही सोय बंद ठेवावी आणि नोंदीचा संगणक टेबलावर नव्हे, खाटेजवळ असावा.

– एक परिचारिका