केमोनंतरचा दहावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते एक तर ‘गाठ लागली तर दुर्लक्ष करू नका’ इथे थांबते, नाहीतर ‘जिद्दीने मात केली’ इथून सुरू होते. मधल्या पाच-सहा महिन्यांत घरच्या माणसाने, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याने किंवा बायकोने, नेमके काय करायचे असते यावर ओळभरही मजकूर दिसत नाही. ‘धीर द्या, सकारात्मक राहा’ म्हटले की झाले. धीर हवाच, पण पहिल्या केमोच्या आधी घरात डिजिटल थर्मामीटर आलेला असायला हवा.

स्तनाच्या कर्करोगाचेच उदाहरण घेऊ. नेहमी दिल्या जाणाऱ्या एका उपचारक्रमात डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड दर 21 दिवसांनी असे चार वेळा देतात, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असे बारा वेळा. सलाईन काही तासांत संपते आणि पेशंट घरी जातो. पहिले तीन-चार दिवस मळमळ, थकवा, सगळे जपतात. सहाव्या-सातव्या दिवशी बाई उठून बसते, दोन घास जास्त खाते, आणि घरात हायसे वाटते. पाहुणे भेटायला येतात ते नेमके याच वेळी. पण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली गेलेला असतो. वरून बरी दिसणारी बाई जंतुसंसर्गाच्या बाबतीत त्या आठवड्यात सर्वांत उघडी असते.

या दिवसांत 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीची वेळ. सकाळची वाट पाहायची नाही. इथे सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे आधी पॅरासिटामॉल देणे. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही, आणि आठ-दहा तास हातचे जातात. म्हणून आधी ताप मोजायचा, आकडा आणि वेळ लिहायची, कर्करोग विभागाला फोन करायचा आणि निघायचे. ताप तोंडात मोजावा. चहा किंवा गार पाणी घेतले असेल तर अर्धा तास थांबून मोजावा. काखेतला आकडा खऱ्या तापापेक्षा कमी येतो. गुदद्वारात थर्मामीटर घालू नये. काउंट कमी असताना एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) हीही नको, कारण तिथल्या बारीकशा जखमेतून जंतू रक्तात जातात. आणि ताप नसला तरी हुडहुडी भरली, धाप लागली किंवा बोलण्यात विसंगती आली, तरीही निघायचेच.

कॅज्युअल्टीत पहिले वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप 101.’ ‘दोन दिवसांपासून बरं वाटत नाहीये’ असे म्हटले की रांगेत बसवतात. रक्ताचा सीबीसी (पेशींची मोजणी) आणि कल्चर (जंतूंची तपासणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा दंडक आहे. रिपोर्ट हातात आला की नवऱ्यालाही हिशेब करता यावा: एकूण पांढऱ्या पेशी 1,800 आणि त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 25 टक्के, म्हणजे 450. पाचशेच्या खाली म्हणजे दाखल करण्याची तयारी ठेवूनच बसायचे.

खरी अडचण अंतराची आहे. नांदेडची किंवा जळगावची बाई मुंबईत परळला केमो घेते आणि एक-दोन दिवसांत गावी परतते. दहाव्या दिवशी रात्री ताप येतो तो गावात, जिथल्या डॉक्टरांनी तिची फाइल पाहिलेली नसते. ते व्हायरल समजून गोळ्या देतात; त्यांना दोष देऊन काय होणार? नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी इथे कर्करोगाची रुग्णालये आहेत, पण तिथवरही रात्रीचा प्रवासच. म्हणून प्रत्येक केमोनंतर पेशंटच्या हातात स्थानिक डॉक्टरसाठी एक चिठ्ठी असावी: औषधांची नावे, तारीख, काउंट पडण्याचे दिवस, ताप आल्यास कोणते अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करावे आणि कोणाला फोन करावा. ही चिठ्ठी मिळत नसेल तर नवऱ्याने मागावी. मागायला भीड कसली?

काउंट सावरण्यासाठी फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिमचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते केमोनंतर निदान 24 तास उलटल्यावर घ्यायचे असते. परतीची गाडी लवकरची आहे म्हणून आधी टोचून घेणे चुकीचे. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, फ्रीजरमध्ये नाही, हलवायचे नाही, प्रवासात बर्फाला थेट टेकू द्यायचे नाही. त्याने कंबर आणि मांडीची हाडे ठणकतात. त्यासाठी गोळी देताना आधी ताप मोजायचा, हा नियम तिथेही लागू.

डे-केअरमध्ये, म्हणजे केमोचे सलाईन लावतात त्या विभागात, सोबत बसणाऱ्या माणसाचे काम मोबाइलवर निरोप पाठवण्यापुरते नसते. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे वॉर्डातले ‘लाल औषध’, शिरेबाहेर गळले तर कातडी आणि खालचे मांस जाळते. सुईपाशी आग, सूज, टोचल्यासारखे काहीही वाटले की त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. ‘सहन कर, संपतच आलंय’ हे वाक्य तिथे धोक्याचे. परस्पर बर्फ किंवा शेकही नको: डॉक्सोरुबिसिनला थंड लागते, विनक्रिस्टिन या दुसऱ्या केमो औषधाला गरम, चुकले तर नुकसान वाढते. लघवीला जाऊन आल्यावर सुई पुन्हा एकदा पाहावी. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावायला कोणी निघाले तर आठवण करून द्यावी. पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या-दुसऱ्या वेळी पहिली दहा मिनिटे जागचे हलू नये. चेहरा लाल होणे, छाती आवळणे, कंबरेत एकदम कळ येणे ही ॲलर्जीची लक्षणे असतात आणि सलाईन थांबवले की बहुधा आटोक्यात येतात. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, हे आधी सांगून ठेवले तर मध्यरात्रीचा घोळ वाचतो.

घरी पहिले 48 तास पेशंटची उलटी, लघवी, शौच साफ करताना हातमोजे घालावेत, कमोडचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, डागाळलेले कपडे वेगळे धुवावेत. या काळात शरीरसंबंध असल्यास निरोध वापरावा, आणि पूर्ण उपचारात गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी. हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते. पहिले दोन-तीन दिवस लिहून दिल्याप्रमाणे घड्याळ लावून द्यावी. ऑन्डनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होते. तिसऱ्या दिवशी पोट गच्च झाले की बाई जेवत नाही आणि घरचे समजतात मळमळच चालू आहे. पोट साफ होण्याचे औषध केव्हा सुरू करायचे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, मधुमेह असेल तर साखर चढते. ती गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्यावी, आणि त्या दोन दिवसांतले बोलणे नवऱ्याने मनावर घेऊ नये.

जेवणाबाबत घरोघरी भांडण होते. केमोच्या दिवशी तिच्या आवडीचा पदार्थ मुद्दाम करू नका. मळमळीशी जोडला गेला की तो पुढे कित्येक महिने नकोसा होतो. फोडणीचा वास सोसत नाही, म्हणून स्वयंपाक करताना तिला लांबच्या खोलीत ठेवावे. गरम वाफाळत्या अन्नापेक्षा कोमट झालेले बरे, वास कमी येतो. मुगाची खिचडी, पेज, नाचणीचे सत्त्व, पूर्ण घट्ट उकडलेले अंडे, घरच्या उकळलेल्या दुधाचे ताजे ताक. वाटीभर, दर दोन तासांनी. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदलून पाहावा. काउंट खाली असताना कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, रात्रीचे शिळे नको. फळ सोलून खायचे, केळे, संत्रे. तोंड आले असेल तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. आणि नातेवाइकांनी आणलेले काढे, गुळवेल, ‘इम्युनिटी’च्या पुड्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ नयेत. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा, केमो चालू असताना तो आपल्या घरात नको.

पॅक्लिटॅक्सेलने बोटे बधिर होतात. ब्लाउजचे हुक लागेनासे होतात, चप्पल पायातून निसटते, बादलीतले पाणी किती कढत आहे ते कळत नाही. पाणी नवऱ्याने स्वतःचा हात घालून पाहावे. बायका हे लपवतात, कारण डॉक्टर औषध थांबवतील अशी भीती असते. बहुधा डोस कमी करून भागते. न सांगितले तर बधिरता कायमची राहू शकते. केस गळण्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, इथे जागा घालवत नाही.

दाखल केल्यावर रात्री सोबत राहणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहावी. सलाईनमुळे रात्रीतून चार वेळा उठावे लागते, तेव्हा दिवा चालू आणि पायात न घसरणारी चप्पल हवी. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना पडणे महागात जाते. आणि प्लेटलेटसाठी दाते आधीच हेरून ठेवावेत: वजन 50 किलोच्या वर, हाताची शीर ठळक, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेले. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे ‘रक्तपेढीत असतीलच’ यावर विसंबता येत नाही.

पैशांचे थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे, पण मंजुरी आधी लागते. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, केमोच्या सकाळी नव्हे, काही दिवस आधी जावे. रेशनकार्ड आणि आधारवरील नावांत फरक असेल तर तिथेच अडते. रेल्वेत उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचे तिकीट कर्करुग्णाला मोफत आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलतीत मिळते. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म मात्र लागतो.

एकट्या नवऱ्याला किंवा बायकोला सलग पाच महिने रात्रपाळी झेपत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री भाऊ, नणंद, शेजारी कोणाच्या तरी नावावर लिहून टाकाव्यात. सोबत्याला सर्दी-ताप असेल तर त्याने मास्क लावून दुसऱ्या खोलीत झोपावे, त्यात कसला दुरावा नाही.

आमची मागणी खर्चिक नाही. राज्यातल्या प्रत्येक केमो विभागाने पहिल्या सलाईनआधी पेशंटच्या जोडीदाराला वीस मिनिटे बसवून हे सांगावे आणि मोठ्या मराठी अक्षरांतले एक पानी पत्रक हातात द्यावे. त्यावर काउंट पडण्याच्या तारखा पेनने लिहिलेल्या असाव्यात, 100.4 हा आकडा असावा आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर असावा.

केमोथेरपी विभागात काम केलेल्या काही परिचारिका, पुणे