बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी मेंदूचा जो अभ्यास करते त्याचा तुमच्या पार्किन्सनला काय उपयोग, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. घाईत देण्याजोगे ते उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र.

आपल्या मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. त्यातल्या चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात, आणि हालचाल सुरू करणे, तिचा वेग व आवाका राखणे ही कामे बऱ्याच अंशी त्याच्या भरवशावर चालतात. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात आणि पट्टा फिका पडतो. इथे बंगळूरला निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृताच्या नातेवाइकांनी दान केलेले मेंदू तिथे जपून ठेवतात. निरोगी आणि आजारी मेंदूचे छेद शेजारी-शेजारी पाहिले, तेव्हा कोणता कोणाचा हे मला कोणी सांगावे लागले नाही. मरू घातलेल्या पेशींत आल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे पुंजके साचलेले आढळतात. ते प्रथिन तिथे का साचते आणि नेमक्या याच पेशी आधी का बळी पडतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्याचे पक्के उत्तर अजून कोणाकडेच नाही.

आई, निवृत्तीनंतर घर बांधायला काढले, त्या काळजीने बाबांना हे दुखणे जडले, असे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस. तसे नाही. हात थरथरू लागतो तोवर त्या पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात, आणि वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे अशी लक्षणे त्याच्याही कित्येक वर्षे आधीपासून असू शकतात. बाबांना फोडणीचा वास येईनासा झाला, तेव्हा घराचा पायासुद्धा खणलेला नव्हता. शिवाय त्यांचा चेहरा हल्ली निर्विकार दिसतो, तो राग नव्हे. बोलता-बोलता चेहऱ्यावर आपसूक उमटणाऱ्या हालचालीच या आजारात कमी होतात. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते, तेही त्यामुळेच.

आता गोळ्यांविषयी. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी पडते, हे व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९६० साली मृतांचे मेंदू तपासूनच दाखवले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, पण ज्यापासून ते बनते तो लेवोडोपा शिरतो. तुमच्या गोळीत तोच आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला प्रथिनांच्या घटकांशी स्पर्धा करावी लागते, म्हणून दुधाबरोबर किंवा वरण-उसळीच्या जेवणावर घेतलेली गोळी कधी कधी उशिरा लागू पडते, कधी पडतच नाही. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. मळमळ झाली तर डॉक्टरांना विचारून सोबत एखादे बिस्किट चालेल. पेशींचे मरणे मात्र ही गोळी थांबवत नाही, आणि तसे करणारे औषध आज तरी उपलब्ध नाही; हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

शेजारच्या काकांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण सुचवले आहे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण त्या बियांत लेवोडोपा खरोखरच असतो. आपल्याच देशातल्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली तो त्यांतून वेगळा काढला होता. पण चमचाभर चूर्णात तो किती, हे दर पुडीगणिक बदलते आणि त्याची भर गोळीतल्या मात्रेवर पडते. म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते सुरू करू नका, आणि चूर्णाच्या भरवशावर गोळी एकदम बंद तर मुळीच करू नका.

आई, पुढच्या तपासणीपर्यंत एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि बाबांचे अंग कधी मोकळे होते व कधी आखडते, एवढे रोज लिहून ठेव. मात्रा ठरवताना डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल. पाने भरली की फोटो काढून मलाही पाठव.

तुमची,
मंजिरी