पायाचं गळू आणि बिब्ब्याचा चटका

संपादक महोदय,

पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या केळीबागांत, कपाशीत दिवसभर ओल्या पायांनी काम चालतं. पायाला गळू झालं की घरोघरी बिब्बा तापतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि जंतूंना आयती वाट मिळते. हा उपाय नव्हे, दुखणं वाढवणं आहे.

गळू बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे केसाच्या मुळाशी होतं. तळपायाला केसच नसतात. म्हणून तिथे पू धरला तर आधी बाभळीचा काटा मोडून आत राहिलाय का, भेगेत घाण गेलीय का, ते बघावं. काटा आत असेपर्यंत पू येतच राहतो, वरून कितीही मलम चोपडा.

लहान गळू सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने 10 ते 15 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा शेकावं. आपसूक फुटलं तर पू टिपून, साबणाने धुऊन कोरडी पट्टी बांधावी. सुईने टोचू नये, पिळू तर मुळीच नये. संसर्ग आत पसरतो. टॉवेल वेगळा ठेवावा.

मधुमेह्यांनी मात्र शेकत बसू नये. बधिर पायाला चटका कळत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप, वर चढणारी लाल रेघ, जांघेत अवधाण (दुखरी गाठ), पाऊल टेकवेना, असं काही दिसलं तर इतरांनीही. डॉक्टर चीर देऊन पू काढतात, गरजेनुसार धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दोन गोळ्यांनी साचलेला पू निघत नाही.

— एक वाचक, यावल (जि. जळगाव)