कडक औषधाच्या आग्रहाबद्दल

खानापूर

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहिते. 'सगळ्यात कडक औषध घे, एकदाच काय तो निकाल लागू दे,' असं तुझं म्हणणं. पण माझा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, फॉलिक्युलर जातीचा, संथ चालणारा. तो बहुधा मुळासकट जात नाही. दबतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो, मग पुन्हा डोकं काढतो. म्हणूनच आजवर डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवलं. त्रास नसताना घाईनं केमो दिली म्हणून अशी माणसं जास्त जगत नाहीत, हे पूर्वीच तपासून झालंय. आता हिमोग्लोबिन उतरलंय, पोटातल्या गाठी वाढल्यात, तेव्हा सुरुवात करायची.

तू म्हणतोस ते आर-चॉप, म्हणजे रिटुक्सिमॅबबरोबर तीन केमो औषधं आणि स्टिरॉइड. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड, व्हिन्क्रिस्टिननं हातापायांच्या नसा बधिर होतात आणि दर खेपेला पाच दिवस स्टिरॉइड. माझी साखर तुला ठाऊक आहे. तळपायांना आधीच मुंग्या येतात. आपल्या खानापूरच्या पावसात शेवाळलेल्या अंगणातून बधिर पायांनी चालायचं, म्हणजे कॅन्सर राहिला बाजूला, कंबरच मोडायची.

डॉक्टर बेंडामस्टिन ही एकच केमो आणि तेच रिटुक्सिमॅब, म्हणजे लिम्फोमाच्या पेशींना धरणारं प्रतिपिंडाचं औषध, सुचवतात. जर्मनीत या दोन्ही उपचारांची तुलना झाली, २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. संथ आणि मॅन्टल सेल या दुसऱ्या जातीच्या लिम्फोमाचे पाचशेच्या वर रुग्ण होते. बेंडामस्टिनच्या गटात आजार आवरलेला राहण्याचा मध्यक काळ साधारण ६९ महिने, आर-चॉपच्या गटात ३१. बेंडामस्टिनवाल्यांचे केस गळाले नाहीत, नसांचा त्रासही कमी. एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही. हेही सांगते, नाहीतर म्हणशील, आई आपल्याला हवं तेवढंच वाचते.

फुकट यातही काही नाही. बेंडामस्टिननंतर लिम्फोसाइट या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बराच काळ कमी राहतात. नागीण, न्यूमोनिया होऊ शकतो. अंगात ताप आला की क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही, सरळ बेळगाव गाठायचं. रिटुक्सिमॅबची पहिली सलाईन सावकाश सोडतात, कारण थंडी वाजून ताप येतो. पैशाचं म्हणशील तर २००७ पासून ते आपल्याकडेही बनतं, हैदराबादच्या कंपनीनं सुरुवात केली. त्यामुळे आपल्यासारख्यांना त्याचा विचार तरी करता येतो.

माझी एक तयारी मात्र आहे. पेट स्कॅनमध्ये एखादी गाठ फार तापलेली, म्हणजे इतरांपेक्षा जास्त चमकणारी दिसली तर तिचा तुकडा तपासणार आहेत. आजारानं रूप बदलून तेज चाल धरली असेल, तर मी आर-चॉप घेईन, टक्कल पडलं तरी. तिथं सौम्यपणाचा हट्ट धरणार नाही.

मामांचा काढा मात्र बंद. उद्या लिव्हर बिघडलं तर औषधानं की काढ्यानं, कोण ठरवणार? त्यांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत.

आणि एक काम. रिटुक्सिमॅबनं अंगात लपलेला हिपॅटायटीस बी पुन्हा उसळू शकतो, म्हणून आधी रक्त तपासतात. माझ्या जुन्या काविळीचे कागद बाबांच्या फायलीत पुण्याला तुझ्याकडे गेलेत. त्यांचे फोटो पाठव, मंगळवारी डॉक्टर मागतील.

तुझी आई